ट्रेलर विकू नका, आधी मागचा ड्रम उतरवा

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा. मी वरोरा तालुक्यातला शेतकरी. कपाशी, सोयाबीन आन् थोडा चणा. दोन वर्षांआधी एका ओळखीच्यानं टुरिस्ट लोकांसाठी बनवलेला जुना ट्रेलर विकायला काढला, तो मी घेतला. आत दोन पलंग, ओटा, गॅस, बॅटरी, सहाशे वॅटचा इन्व्हर्टर. एकच धुरा, दोन चाकं, स्वतःचे ब्रेक नाहीत. बोलेरोच्या मागं लावून शेगाव, माहूर करून आलो. ट्रॅक्टरचं, मोटरपंपाचं काम मले येते, म्हणून याची देखभालही मीच करतो.

पण यावर्षी तीनदा फसलो. मे महिन्यात चिखलदऱ्याले जाताना परतवाड्याच्या अलीकडं डाव्या चाकातून जळका वास आला, बेरिंग जाम. निघायच्या आधी मीच ग्रीस भरलं होतं आन् चाक डुगडुगू नये म्हणून नट चांगला कसला होता. आषाढात छत गळाया लागलं. एमसील लावलं, वरून सिलिकॉन मारलं, तरी गळतेच. पलंगाखालची प्लाय फुगली. गणपतीत इन्व्हर्टरची वायर जळली. फ्यूज सारखा उडे, म्हणून मी त्याच्या जागी तांब्याची तार टाकली होती.

बाकी ठीक आहे. साठच्या वर गेलं की ट्रेलर मागून डोलते, म्हणून साळ्याच्या सांगण्यावरून पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम मागच्या टोकाले ठेवला, तरी डोलतेच.

घरची म्हणते, विकून टाका. साळा म्हणते, ज्याचं काम त्यानंच करावं. पोरगा बारावीत आहे, तो माझ्यासंग काम करते, त्याच्यासमोर लाज वाटते. खरं सांगा दादा, हे आपल्याच्यानं होणारं काम नाही काय?

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही "बाकी ठीक आहे" म्हणून दोन ओळींत संपवली आहे. बेरिंग, छत, वायर यांवर येतोच. पण ट्रेलर साठच्या वर डोलतो आणि तुम्ही मागच्या टोकाला दोनशे किलो ठेवले आहेत, हे वाचून मी आधी काळजीत पडलो. हे पत्र वाचून झालं की तो ड्रम उतरवा. बाकीची कामं उद्या केली तरी चालतील.

तुम्ही बंडी भरलेली आहे. पराटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, भार धुऱ्याच्या मागं जास्त गेला की बंडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच. धुऱ्याच्या मागं वजन गेलं की पुढची दांडी वर उचलली जाते, बोलेरोची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलरचं डोलणं वाढत जातं. प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत अमेरिकेत पाळला जाणारा हिशोब असा आहे की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकवर पडलं पाहिजे. हुकवर वजन फार कमी पडलं की डोलायची शक्यता वाढते. तुमच्या साळ्यांनी मागून दाबायला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण उपाय नेमका उलटा झाला. अर्धवट भरलेल्या ड्रममधलं पाणी तर वळणावर स्वतःही हिंदकळतं आणि डोलण्यात भर घालतं.

वजन अंदाजानं ठरवू नका, मोजा. जिनिंगवर कापसाच्या गाड्या मोजायचा काटा असतो. ट्रेलर प्रवासाला निघताना भरता तसा भरून, बोलेरोपासून सोडवून एकटाच त्या काट्यावर उभा करा. एकूण आकडा मिळेल. मग घरी सपाट जागेवर चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडसर) लावा आणि धान्य मोजायच्या काट्यावर पुढच्या कपलिंगचा, म्हणजे हुकला अडकणाऱ्या टोकाचा, भार टेकवा. दांडी बोलेरोला जोडल्यावर ज्या उंचीवर असते, त्याच उंचीवर ठेवायची. एकूण वजन ९०० किलो भरलं तर पुढचा आकडा ९० ते १३५ च्या दरम्यान हवा. कमी आला तर सामान पुढं सरकवा, जास्त आला तर मागं. बोलेरोच्या हुकवर किती भार चालतो ते हुक बसवणाऱ्याकडून विचारून घ्या, तो आकडा ओलांडायचा नाही. पाणी मुक्कामाच्या गावी भरावं. एक लिटर म्हणजे एक किलो, ते दोनशे किलो घाटातून ओढत नेण्यात काही अर्थ नाही.

चालताना कधी डोलणं सुरू झालंच, तर जोरात ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंग झटक्यानं उलटसुलट फिरवायचं नाही. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. गाडी चालवायला मुलगा शिकेल तेव्हा त्यालाही हे आधी सांगा.

दुसरं, ब्रेक. युरोपात ७५० किलोच्या वर वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत, आणि त्यामागचं कारण चिखलदऱ्याच्या घाटालाही लागू पडतं. उतारावर ट्रेलर बोलेरोला ढकलतो आणि सगळा भार एका गाडीच्या ब्रेकवर येतो. तुमचा काट्यावरचा आकडा त्याच्या वर गेला, तर ट्रेलर बनवणाऱ्या जाणत्या कारखान्यातून दांडीच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवून घ्या. तोपर्यंत घाट टाळा. सपाट रस्त्यावरही वेग साठच्या आतच ठेवा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखा.

आता बेरिंग. तुम्ही लिहिलंय की निघायच्या आधी ग्रीस भरलं. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसतं) उघडून भरलं की टोपी काढून वरून दाबलं, ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की वरून दाबलं. ट्रेलर मागच्या पावसाळ्यात अंगणात उभा होता का? काळ्या मातीत चाकं रुतून, चिखलात? तसं असेल तर गोष्ट मे महिन्यात नाही, त्याआधीच्या पावसाळ्यात सुरू झाली. झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी हबमध्ये जातं, ग्रीसमध्ये मिसळतं आणि ते पांढुरकं, ताकासारखं पातळ होतं. त्यावर नवं ग्रीस दाबलं तर खराब ग्रीस आतच राहतं. वर तुम्ही नट कसला. या हबमध्ये टेपर बेरिंग असतं, आतलं आणि बाहेरचं अशी जोडी. नट जास्त कसला की रोलर वाटीवर (बेरिंगच्या बाहेरच्या कडीवर) दाबून फिरतात आणि तापतात. ग्रीस वितळून बाहेर जातं, मग लोखंडावर लोखंड. परतवाड्याच्या अलीकडं आलेला वास तो होता. तुमच्या ट्रेलरला ब्रेक नाहीत, म्हणजे चाक तापायला बेरिंगशिवाय दुसरं कारण जवळपास नाहीच. टायर खाली घासत असता तर तुम्हाला वास रबराचा आला असता.

आता हे काम पुन्हा करा, आणि दोन्ही चाकांचं करा. उजवं चाकही त्याच पावसात उभं होतं. जॅक लावताना खाली जाड फळी ठेवा, काळ्या मातीत जॅक खचतो. धुऱ्याखाली पक्का टेकू दिल्याशिवाय हब काढू नका, दगडांची रास म्हणजे टेकू नव्हे. हब काढल्यावर सगळं जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन काढा, कोरडं पुसा आणि उजेडात बघा. रोलरवर किंवा वाटीत खड्डे, ओरखडे, निळसर छटा दिसली तर बेरिंग आणि वाटी दोन्ही बदला. रस्त्यावरच्या मिस्त्रीनं घाईत नुसतं बेरिंग बदललं आणि जुनी वाटी तशीच ठेवली असेल, तर नवं बेरिंगही लवकर जाईल. हे आधी तपासा. ऑइल सील प्रत्येक वेळी नवीन.

ग्रीसच्या डब्यावर लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा क्रमांक) असं लिहिलेलं असावं. ट्रॅक्टरच्या निप्पलला मारायचं स्वस्त चेसिस ग्रीस बहुतेक कॅल्शियमचं असतं. ते पाण्याला टिकतं, पण साधारण १०० अंशांच्या आसपास वितळतं. लिथियम कॉम्प्लेक्स २५० च्या पुढं जातं. आपल्याकडं मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, डांबर त्याहून तापतं, त्यात फिरणारा हब. शिवाय दोन जातींचं ग्रीस मिसळलं की कधी कधी दोन्हीचा गुण जातो, म्हणून आधी पूर्ण धुवायचं. ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंगची रुंद कड त्यात दाबत जायचं, दुसऱ्या बाजूनं रोलरमधून बाहेर येईपर्यंत. हब मात्र गच्च भरायचा नाही. जास्तीचं ग्रीस घुसळलं जाऊन उलट तापतं आणि सील बाहेर ढकलतं.

नट बसवताना चाक हातानं फिरवत फिरवत पान्यानं कसा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग नट पूर्ण सैल करा. आता हब न फिरवता फक्त बोटांनी घट्ट करा. पाना बाजूला ठेवायचा. नट फिरू नये म्हणून घालायच्या कोटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित मागं घ्या, पुढं नाही. पिन नवीनच वापरा. चाकाला वर आणि खाली धरून हलवलं तर अगदी जेमतेम जाणवेल इतकी ढील राहू द्या. तुम्हाला जी डुगडुग दोष वाटली, ती मर्यादेत असेल तर या बेरिंगला लागतेच.

आणि काम इथं संपत नाही. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर, जामचा चौक यायच्या आधी, सावलीत गाडी थांबवा आणि उलट्या हातानं दोन्ही हब चाचपा. कोमट चालेल. दोन्हींत फरक चालणार नाही, आणि हात ठेवता येत नसेल तर तिथंच थांबायचं. मे महिन्यात तुम्ही असं एकदा थांबला असता, तर तोच बिघाड तालुक्याच्या आसपास सापडला असता. तुमच्या तीनही प्रसंगांत मला हेच दिसतं, भाऊ. तुमचा हात कच्चा नाही. तुम्ही दुरुस्ती केली, पण ती गोष्ट बिघडली कशामुळं ते शोधलं नाही, आणि दुरुस्ती टिकली का हे मुद्दाम तपासलं नाही. ट्रॅक्टर रोज तुमच्या डोळ्यांसमोर चालतो, त्यामुळं तिथं ही तपासणी आपोआप होते. ट्रेलर महिनोन् महिने उभा असतो आणि निघाला की एकदम दोनशे-तीनशे किलोमीटर जातो. त्याला वेगळी सवय लागते.

छताचं बघा. पाणी पलंगावर टपकलं म्हणून तुम्ही त्याच्या बरोबर वरचा सांधा बुजवला असणार. पण पाणी शिरतं एकीकडं, आतल्या पट्टीवरून धावतं आणि टपकतं भलतीकडं. मुलाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि तुम्ही बाहेरून पाइपनं पाणी सोडा. खालून सुरुवात करायची. आधी खिडकीच्या कडा, मग कोपऱ्याचे सांधे, मग छताची कड, शेवटी वरचा व्हेंट (हवेचा झरोका). एका जागी पाच-दहा मिनिटं, मगच पुढं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होईल आणि काहीच कळणार नाही.

एमसीलचा यात दोष नाही. पण ते वाळल्यावर दगडासारखं कडक होतं, आणि ट्रेलरचा सांधा प्रत्येक खड्ड्यात हलतो, उन्हात पत्रा पसरतो, रात्री आकसतो. कडक वस्तू तिथं चिरणारच. आणि सिलिकॉनची अडचण अशी की जुन्या सिलिकॉनच्या थरावर काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. म्हणून आता दोन्ही खरवडून काढावं लागेल. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा रस्ता नाही. प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी वापरा, पत्र्याला ओरखडे नकोत. मग स्पिरिटनं पुसा. पट्ट्या आणि व्हेंटची कड उघडून खाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), वरून लवचिक पॉलियुरेथेन सीलंट. दिवाळीनंतर थंडीत, सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर हे काम करा. मे महिन्यात पत्र्यावर हात ठेववत नाही, तेव्हा सीलंट वरून लगेच धरतं आणि खाली नीट बसत नाही. पुढच्या वर्षी मृग लागायच्या आधी पाइपची तीच परीक्षा पुन्हा घ्या.

फुगलेली प्लाय मात्र तशीच ठेवू नका. पेचकसाचं टोक दाबून बघा. मऊ लागेल तेवढा भाग कापून काढा, आतली चौकट वाळवा आणि मगच नवी मरीन प्लाय लावा. ओलं लाकूड झाकलं तर ते आत कुजत राहतं, आणि खालच्या लोखंडी चौकटीला गंज धरला की खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

वायरबद्दल मला थोडं कडक बोलू द्या. फ्यूजच्या जागी तांब्याची तार हा आपल्या खेड्यापाड्यांतला जुना उपाय आहे, आणि ट्रेलरमध्ये तो जीवघेणा आहे. तिथं लाकूड, गाद्या, गॅस आणि झोपलेली माणसं एकाच खोलीत असतात. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो उडत होता म्हणजे तुम्हाला काहीतरी सांगत होता. घरी २३० व्होल्टवर सहाशे वॅटला तीन अँपिअरही लागत नाहीत. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तेवढ्याच वॅटला ५० अँपिअर लागतात, इन्व्हर्टरमधला ऱ्हास धरला तर आणखी. घरातल्या बोर्डाची वायर तिथं जोडली असेल तर ती तापणारच. इन्व्हर्टरच्या पत्रकात जेवढी जाडी लिहिली आहे तीच वायर घ्या, लांबी कमीत कमी ठेवा, टोकांना लग (बोल्टला जोडायची धातूची कडी) दाबून बसवा. फ्यूज पत्रकात दिलेल्या अँपिअरचाच, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. लांब लावला तर बॅटरी ते फ्यूज ही वायर उघडीच राहते.

वायर बदलण्याआधी जुनी पूर्ण मार्गानं तपासा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बुश आहे का? नसेल तर घासून आवरण गेलं असेल. आणि कापणीनंतर उंदीर शेतातून घराकडं येतात, त्यांना वायरचं आवरण फार आवडतं. बॅटरी पलंगाखाली बंद पेटीत असेल तर त्या पेटीला बाहेर उघडणारी जाळी हवी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. जाता जाता मागचे दिवेही बघा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटत असेल तर बहुतेक अर्थिंगचा बोल्ट गंजलाय.

गॅसच्या देखभालीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. आगीच्या काडीनं गळती कधीही तपासायची नाही, साबणाचं पाणी लावायचं. नळीवर आयएसआयची खूण आणि तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. चालत्या गाडीत सिलिंडर बंद, उभा, पट्ट्यानं बांधलेला.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातलं टायर. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात उभं राहून रबर म्हातारं होतं, पाच-सहा वर्षांनंतर भरवसा ठेवू नका. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा.

तुमच्या साळ्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. गॅसची पक्की लाइन, ब्रेक बसवणं, आणि दांडी व कपलिंगचं वेल्डिंग ही तीन कामं जाणकाराकडूनच करून घ्या. तिथली चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असं नाही. बेरिंग, छत, प्लाय, बारा व्होल्टचं वायरिंग, टायरची देखरेख ही तुमचीच कामं आहेत, आणि ती तुम्हाला जमतील. वहिनींनाही विक्रीचा निर्णय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवायला सांगा. छत कोरडं राहिलं आणि रात्री निर्धास्त झोप लागली, तर त्यांचं मत कदाचित बदलेल. आणि नाही बदललं, तरी दुरुस्त ट्रेलरला भाव चांगला येईल.

मुलासमोर लाज वाटायचं कारण मला दिसत नाही. त्याला या कामात बरोबरीनं घ्या. उघडण्याआधी प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो त्यानं काढावा. एक वही त्याच्या हाती द्या. काय बिघडलं, कारण काय निघालं, कोणता भाग टाकला, पुन्हा कधी बघायचं, एवढं त्यात असू द्या. जळलेलं बेरिंग फेकलं नसेल तर त्याला दाखवा, निळे पडलेले रोलर एकदा बघितले की नट किती कसायचा हे सांगावं लागत नाही.

सगळं झाल्यावर पहिली फेरी चिखलदऱ्याची नको. रामदेगीला किंवा भद्रावतीला जा, एक रात्र राहा. जाताना हब चाचपा, पोचल्यावर चाक धरणारे बाहेरचे नट (हबमधला नट नव्हे) पुन्हा कसा, इन्व्हर्टर तासभर चालवून वायरला हात लावून बघा. परत आल्यावर काट्यावरचे दोन्ही आकडे आणि हबचं काय झालं ते मला कळवा. दांडीवरचं वजन बसूनही ट्रेलर डोलत असेल, तर धुऱ्याची जागा बघावी लागेल. त्यासाठी दांडीच्या टोकापासून धुऱ्यापर्यंतचं आणि धुऱ्यापासून मागच्या टोकापर्यंतचं माप पत्रात लिहा.